पागनीसांच्या घरात मागून हाक मारत नाहीत

सव्वीस वर्षं मी मोटारसायकल चालवतोय आणि या सव्वीस वर्षांत रस्त्यावर माझा एकही अपघात झालेला नाही. हे मी प्रौढी म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो. जो एक झाला तो आमच्या फाटकापासून पंचवीस पावलांवर, कॉलनीच्या आत झाला. कॉलनीचा रस्ता नगरपालिकेने अजून ताब्यात घेतलेला नाही. तेव्हा कागदोपत्री तो रस्ताच नव्हे, आणि रस्ता नव्हे म्हणजे तो रस्त्यावरचा अपघातही नव्हे. आमची मुलगी रुचा हे मान्य करत नाही. सगळं शिक्षण हिंदीत झाल्यामुळे तिला मराठीचं एक पान वाचायला अर्धा तास लागतो, पण माझ्या बोलण्यातली फट शोधायला अर्धं मिनिटही लागत नाही.

मी योगेंद्र पागनीस, मुक्काम धार. पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे आणि तिथल्या सुरक्षा समितीचा सलग सहा वर्षं सदस्य आहे. सुरक्षा सप्ताहात दुचाकीवरचं भाषण माझंच असतं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळा. पुढचा आणि मागचा ब्रेक एकदम, पण हलक्या हाताने दाबा. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. वळायच्या आधी इंडिकेटर, मग आरसा, मग मान. आणि उलट्या बाजूने देवदर्शनालासुद्धा जाऊ नका. हे सगळं मला तोंडपाठ आहे. भाषण झालं की लोक टाळ्या वाजवतात. नंतर समोसा असतो हे खरं, पण टाळ्या समोशाच्या आधी वाजतात हे लक्षात घ्यावं.

आता पागनीस म्हणजे काय, तर संस्थानच्या पागेतल्या घोड्यांची मोजदाद ठेवणारे. स्वतः घोड्यावर बसलेला पागनीस आमच्या माहितीत एकही नाही. आमचे खापरपणजोबा रघुजी एकदा पागा मोजायला निघाले असताना घरातून कुणीतरी मागून हाक मारली, "अहो, पंचा राहिला!" त्या दिवशी त्यांच्या मोजणीत एक घोडा जास्त आला. त्या नसलेल्या घोड्याला तीन महिने दाण्याची चंदी मंजूर होत राहिली आणि मग तो घोडा गेला कुठे याची चौकशी लागली, ती वेगळीच. तेव्हापासून आमच्या घराचा दंडक आहे की निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. चुकून मारलीच, तर त्याने परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, हातावर पुन्हा दही घ्यायचं आणि नव्याने निघायचं.

माझी आई, म्हणजे माई, वय अठ्ठ्याहत्तर, ही या दंडकाची राखणदार. आणि खोटं कशाला बोलू, मीही तिच्या बरोबरीने राखण करत आलो. रुचा पाचवीत असताना एकदा "बाबा, डबा!" म्हणून मागून ओरडली, तेव्हा मी तिला इतकं बोललो होतो की पोरगी दोन दिवस माझ्याशी अबोला धरून होती. शकुनासाठी मी परत आलो, बसलो, पाणी प्यालो, दही घेतलं, आणि या गडबडीत डबा पुन्हा विसरलो.

तर फाटकापासून पंचवीस पावलांची ती गोष्ट. सुरक्षा सप्ताहाचा पहिला दिवस होता. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, पायात बूट. माईने उजव्या हातावर दही दिलं, मी ते चाटलं, हात पुसून हातमोजे चढवले आणि गाडी सुरू केली. फाटकाशी माई, माझी बायको जान्हवी, रुचा आणि शेजारचे उमाशंकरजी उभे होते. सगळ्यांचे चेहरे जरा गंभीर वाटले. मला वाटलं, आपला माणूस भाषणाला चाललाय म्हणून ऊर भरून आला असेल. पुढे डावीकडे वळण आहे. तिथे गाडी जराशी कलली आणि खालून खाड्‌कन आवाज झाला. पुढच्या क्षणी मी उमाशंकरजींच्या बोगनवेलीत होतो.

बाजूचा स्टँड खालीच राहिला होता. हल्लीच्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिनच सुरू होत नाही म्हणे. आमची गाडी या शहाणपणाच्या आधीची आहे.

मला एक ओरखडाही आला नाही, कारण हेल्मेट होतं, जाकीट होतं, हातमोजे होते. म्हणजे माझं भाषण मी शब्दशः खरं करून दाखवलं. पण बोगनवेलीतून बाहेर येता येता मी विचारलं, "स्टँड कुणालाच दिसला नाही?"

"दिसला की," माई शांतपणे म्हणाली. "सगळ्यांना दिसला. पण तू निघाला होतास."

जान्हवीने तोंडात पदर धरला होता. तो हसू दाबायला की हाक दाबायला, हे मी तेव्हा विचारलं नाही. उमाशंकरजी माझ्या जाकिटातले काटे काढत म्हणाले, "भिया, म्हके भी दिखी ग्यो थो. आवाज देने वाला ही था, पण माईजी ने हाथ पकड लिया. बोली, पाछे से टोकना नहीं."

रुचा मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, "माझ्यासकट चार लोक बघत होते, बाबा. चार! आणि एकानंही सांगितलं नाही. मला रोज म्हणता ना, हायवेवर ट्रक असतात म्हणून गाडी देत नाही? मला ट्रकची नाही, आपल्या फाटकाची भीती वाटते."

इथे रुचाचं प्रकरण सांगणं भाग आहे. घाटाबिल्लोदजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागून पाच महिने झाले होते. तिचं काम साडेनऊला सुरू होतं. पण शिफ्टची बस तिच्या सोयीने थोडीच धावते? ती बस तिला पावणेसातला कंपनीच्या दारात उतरवून पुढे जायची आणि पोरगी पावणेतीन तास बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसून राहायची. बाकावर दोन कुत्री आधीपासून मुक्कामाला होती, त्यांची नावंही तिने ठेवली होती. तिच्याकडे लायसन्स होतं. माझी जुनी गाडी ती माझ्यापेक्षा हलक्या हाताने चालवते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण गाडी देणं म्हणजे पोरीला रोज सकाळी हायवेवर सोडणं, आणि रात्री अंथरुणावर पडलो की मला त्या रस्त्यावरचे सगळे ट्रक एकामागून एक दिसायचे. म्हणून मी नाही म्हणत होतो. शेवटी तिने सांगून टाकलं, "गाडी द्या, नाही तर मी इंदूरला रूम घेते. तिथून कंपनीची बस वेळेवर येते. महिन्याच्या एक तारखेला मी चालले."

घर सोडून जाईन म्हणाली! एकुलती एक मुलगी. मी रागाने "जा" म्हणालो आणि लगेच देवघरात जाऊन उगाचच समई पुसत बसलो.

पण मी हार मानणारा माणूस नाही. मी ठरवलं की दंडकही मोडायचा नाही आणि सुरक्षाही सोडायची नाही. मागून हाक मारायची नाही ना? मग पुढून सांगायची व्यवस्था करू. मागून आवाज गेला तर तो माणसाचा नसावा, एवढीच अट. मी शिट्टी आणायचं ठरवलं.

कॉलनीत शिट्टी वाजवायला अध्यक्षांची परवानगी लागते, हे तेव्हा कळलं. अध्यक्ष भैयासाहेब. आयुष्यभर महसुलात नोकरी केलेला माणूस, निवृत्त झाला तरी टेबल सोडलेलं नाही. ते व्हरांड्यात टेबल टाकून बसतात. म्हणाले, "पागनीस, घरचे संबंध आपल्या जागी. अर्ज द्या. आणि हिंदीत द्या, रजिस्टर हिंदीत आहे." मी लिहिलं, 'विषय: सीटी बजाने की अनुमति बाबत.' अर्ज परत आला, सीटीचा प्रकार नमूद नाही. प्रकार लिहिला तर परत आला, शेजाऱ्यांची ना-हरकत जोडलेली नाही. उमाशंकरजींनी ना-हरकतीवर सही केली, पण सवयीने खाली 'शुभ विवाह की बधाई' लिहून मोकळे झाले. भैयासाहेबांनी तोही कागद वाचून फाइलला लावला. बारा दिवसांनी 'प्रायोगिक तौर पर' परवानगी मिळाली.

तेरावा दिवस रविवार. मी मुद्दाम स्टँड खाली ठेवून दोन पावलं गाडी पुढे नेली आणि जान्हवीने मागून शिट्टी फुंकली. आमच्या कॉलनीत शिट्टीचा अर्थ एकच, पाण्याचा टँकर आला. दोन मिनिटांत गल्लीत बादल्या, पिंपं, कळशा आणि एक लहान मुलाचा टब यांची रांग लागली. टँकर नाही म्हटल्यावर जी बोलणी खावी लागली, ती मी इथे देत नाही. भैयासाहेबांनी जागच्या जागी परवानगी रद्द केली आणि तसा शेराही अर्जावर मारला.

मग उमाशंकरजींनी जबाबदारी घेतली. "भिया, मैं आगे मोड पे खडा रहूंगा. लाल कपडा दिखाऊं तो रुक जाना, हरा दिखाऊं तो जाना." ते रोज सकाळी वळणावर दोन फडकी घेऊन उभे राहू लागले. धारला रेल्वे येणार येणार असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. गाडी येवो न येवो, गार्ड आला म्हणून लोक त्यांना रामराम करू लागले. चार दिवस ठीक चाललं. पाचव्या दिवशी त्यांचं हिरवं फडकं धुवायला गेलं आणि मी लाल फडक्यापुढे अकरा मिनिटं इंजिन बंद करून उभा राहिलो. नियम म्हणजे नियम.

शेवटी मी मूळ स्वभावावर आलो आणि यादी केली. कारखान्यात क्रेन हलवायच्या आधी जशी तपासणी यादी भरतात, तशी 'प्रस्थान तपासणी'. एकूण एकवीस कलमं. चाकांची हवा, साखळीचा ताण, दोन्ही ब्रेक, दोन्ही आरसे, इंडिकेटर, हॉर्न, हेल्मेटचा पट्टा, स्टँड वर, फोन खिशात, हाताचं दही पूर्णपणे पुसलं, वगैरे. दह्याच्या कलमावर माईने हरकत घेतली, पण पुसणं म्हणजे नाकारणं नव्हे, हे मी तिला पटवून दिलं. निघण्याआधी स्वतः मोठ्याने यादी वाचायची, म्हणजे कुणी हाक मारायचा प्रश्नच उरत नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. रुचाने अक्षर अक्षर लावत यादी वाचली, बराच वेळ लागला, आणि म्हणाली, "यात एक गोष्ट राहिली आहे."

"काय राहिली?"

"तुम्हीच शोधा. तुम्ही समितीत आहात."

मी तीनदा वाचली. काही राहिलेलं नव्हतं. तेव्हा ती म्हणाली, "ठीक आहे. पुढच्या रविवारी देवासला ईशानीचा साखरपुडा आहे ना? तुम्ही आणि आई गाडीवर जा. तुमची यादी, तुमचा दंडक. एकही गडबड न होता पोहोचलात तर मी गाडीचं नाव काढणार नाही, इंदूरचंही नाही. बाकावर बसेन मुकाट्याने. पण गडबड झाली तर किल्ली माझी. सही?"

"सही," मी म्हणालो. असा सोपा सौदा माझ्या आयुष्यात आला नव्हता.

ईशानी ही जान्हवीच्या भावाची, देवासच्या मल्हाररावांची मुलगी. साखरपुडा संध्याकाळी पाचला. आम्ही अकराला निघालो, कारण उशीर झाला की माणूस घाई करतो आणि घाई केली की पडतो. ईशानीसाठी घेतलेली साडी कापडी पिशवीत घालून मी मागच्या बाजूला नायलॉनच्या दोरीने बांधली. एकवीस कलमं वाचली. माईने दही दिलं. उमाशंकरजींनी हिरवं दाखवलं. गाडी कशी रेशमासारखी निघाली.

मी काय चालवली म्हणून सांगू! पंचेचाळीसच्या वर काटा नाही. पुढच्या ट्रकपासून भरपूर अंतर. बसच्या डाव्या बाजूने घुसायचं नाव नाही. रस्त्यावर सोयाबीनचा कोंडा सांडला होता तिथे वेग कमी, ब्रेक नाही. जान्हवीलाही मी सांगत होतो, की मागे बसणाऱ्याने पदर कसा खोचावा, पाय कुठे ठेवावा, वळणावर आपणहून झुकू नये. ती "हूं" म्हणत होती. लेबडच्या अलीकडे एका हॉटेलपाशी आम्ही कचोरीला थांबलो, कारण लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाने थांबावं असं माझं मत आहे. जान्हवीने पिशवीतून आपली पर्स काढली. कचोरी झाली. ती हात धुवायला नळाकडे गेली आणि मी गाडीशी येऊन उभा राहिलो. हेल्मेट, पट्टा, आरसे, स्टँड. एकवीस कलमं मोठ्याने, एकही न गाळता. हॉटेलवाला काम सोडून ऐकत होता. मग मी "चला" म्हणालो आणि निघालो.

त्यानंतर नऊ किलोमीटर मी मागे बसणाऱ्याची कर्तव्यं या विषयावर बोललो. जान्हवी एकदाही मधे बोलली नाही. लग्नाच्या पंचवीस वर्षांत माझं म्हणणं तिने इतकं शांतपणे प्रथमच ऐकून घेतलं, आणि मला वाटलं, चला, पटलं बाईला. खिशात फोन वाजत होता. एकदा, दोनदा, चारदा. मी उचलला नाही. गाडी चालवताना फोन घेणाऱ्याची मी भाषणात जी सालटी काढतो, ती ऐकलेली माणसं अजून घाबरून आहेत.

घाटाबिल्लोद मागे टाकलं आणि गाडी जड झाली. मागचं चाक कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटू लागलं. मी ब्रेक मारला नाही. हात सोडला, डावा इंडिकेटर दिला, गाडी सरळ ठेवत कडेला घेतली आणि उभी केली. मग अभिमानाने मान वळवून म्हणालो, "बघितलंस? याला म्हणतात गाडी सांभाळणं."

मागे कुणी नव्हतं.

पडली! माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. नऊ किलोमीटरमध्ये कुठेतरी, एखाद्या खड्ड्यावर, ती मागून पडली आणि मी बोलत राहिलो. मागून येणारे ट्रक डोळ्यांपुढे आले. हेल्मेटचा पट्टा निघेना. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. फोन काढला. अठरा मिस्ड कॉल, सगळे जान्हवीचे.

"अगं, कुठे आहेस? लागलंय का?"

"हॉटेलवर आहे. जिथे सोडलंत तिथे," ती म्हणाली. "तुम्ही उभे आहात ना? उभे आहात ना नीट?"

"उभा आहे."

मग तिकडून नुसताच रडण्याचा आवाज आला.

मी चाकाकडे पाहिलं. पर्स काढताना पिशवीची दोरी सुटली होती. तिचं टोक मागच्या चाकात गेलं होतं आणि आसाभोवती दोरीचे वेढेच वेढे बसले होते. पिशवी ओढली जाऊन चाकाशी टेकली होती आणि ईशानीच्या साडीचा काठ ग्रीसमध्ये माखला होता. चार वेढे आणखी बसते तर चाक चालत्या गाडीवर जाम झालं असतं. मागे वाळूचा डंपर होता, तो मी आरशात पाहिलेला होता.

किल्लीने दोरी घासून घासून कापली. मग परत फिरायचं म्हणजे दुभाजकाची फट पुढे तीन किलोमीटरवर. उलट्या बाजूने आलो असतो तर कितीतरी लवकर पोहोचलो असतो. नाही आलो. तीन किलोमीटर पुढे गेलो आणि वळून आलो. एवढं श्रेय मी मागून घेणार.

दरम्यान, मी घाटाबिल्लोदच्या पुढे आहे हे फोनवर कळल्यावर जान्हवीने हॉटेलसमोर बस थांबवली होती, आणि ती नेमकी आमच्याच कारखान्याच्या दुसऱ्या शिफ्टची निघाली. घाटाबिल्लोदच्या फाट्यावर बस तिला उतरवत होती तेव्हा मी पोहोचलो. खिडक्यांमधून स्टोअरची, पेंट शॉपची, कँटीनची सगळी ओळखीची तोंडं बाहेर होती. मागच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "सर, भाषण में ये पॉइंट तो था ही नहीं!" बस गेली तरी हसणं ऐकू येत होतं. मी जाकिटाची चेन वर ओढली आणि ताठ उभा राहिलो.

जान्हवी हसत नव्हती. डोळे लाल होते.

"अगं, पण तू हाक का नाही मारलीस?" मी विचारलं.

"मारणार होते हो!" ती म्हणाली. "मला तुम्ही निघालेले दिसलात. ते एक वेळ जाऊ द्या, आपण होऊन आला असता परत. पण मला दोरी लोंबताना दिसली. चाकाशी. माझा हात वर झाला, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही. पंचवीस वर्षं गिळत आले, तशीच तीही गिळली. आणि तुम्ही लांब गेल्यावर भानावर आले. अहो, तुमचं काही झालं असतं ना, तर मी जन्मभर लोकांना काय सांगितलं असतं? की मी अपशकुन नाही केला?"

मी फक्त म्हणालो, "बस. नीट धर." आणि ती बसली की नाही हे हात मागे नेऊन तपासलं. देवासपर्यंत आणखी सहा वेळा तपासलं.

आम्ही पोहोचायच्या आधी बातमी फोनवरून देवासला पोहोचली होती. मल्हारराव दारातच फेटा सावरत उभे होते. "या, या पागनीस! घोडे मोजणाऱ्यांचं घराणं तुमचं, आणि माणूस एकच मोजायचा होता!" साखरपुड्याला जमलेली सव्वाशे माणसं हसली. ईशानीने ग्रीस लागलेली साडी मात्र डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "आत्या सुखरूप आली ना, काका, मग साडी धुता येईल." चांगली मुलगी आहे. मी जेवलो, वर दोनदा श्रीखंडही घेतलं, कारण मान खाली घातली तरी भूक लागतेच.

परत आल्यावर मी माईला सगळं सांगितलं. दोरी, डंपर, जान्हवीचा न फुटलेला आवाज. माई जपमाळ हातात घेऊन ऐकत होती. मग रुचाच्या हातावर मी किल्ली ठेवली. यादीत बाविसावं कलमही लिहिलं, 'मागे माणूस बसला आहे का.' रुचा म्हणाली, "हेच राहिलं होतं, बाबा."

सोमवारची सकाळ. साडेआठ वाजलेले, लख्ख ऊन. रुचाने हेल्मेट घातलं, पट्टा लावला, ओढणीच्या जागी जाकीट, पायात बूट. माईने दही दिलं, तिने हात पुसला. फाटकाशी आम्ही तेच सगळे. गाडी सुरू झाली, पायांनी रेटत ती हळूच पुढे सरकली, आणि मी पाहिलं तर स्टँड खाली!

जान्हवीने माझा दंड धरला. उमाशंकरजींनी माईकडे पाहिलं. माईच्या ओठांवर जप थांबला. माझ्या घशात रघुजींपासूनचे सगळे पागनीस येऊन बसले होते. मी त्या सगळ्यांना बाजूला सारलं आणि ओरडलो, "रुचाऽऽऽ! स्टँऽऽड!" भैयासाहेब व्हरांड्यातून बाहेर आले. दोन बायका बादल्या घेऊन आल्या.

रुचा थांबली. पायाने स्टँड वर केला, वळली आणि म्हणाली, "पास झालात, बाबा."

"म्हणजे मुद्दाम?"

"मग? किल्ली तर मिळाली. पण मागे कुणी हाक मारणारं आहे का, ते बघायचं होतं. त्याशिवाय मी कशी जाऊ?"

माझ्या डोळ्यांत कचरा गेला, तो मी रुमालाने काढत राहिलो. माई मात्र पुढे आली. "हाक मारलीस ना, योगेंद्र? आता तिला आत आण, बसव, पाणी दे." म्हणजे दंडक अजून शाबूत होता. रुचा आत आली, पाटावर बसली, पाणी प्याली, पुन्हा दही घेतलं, पुन्हा हात पुसला. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा मी एक एक गोष्ट डोळ्यांनी तपासली. आरसे ठीक, पट्टा ठीक, स्टँड वर. बोलायला जागाच नव्हती. मी खूश होऊन जान्हवीकडे पाहिलं. गाडी वळणापाशी गेली.

"रुचेऽऽऽ!"

इतका खणखणीत आवाज आमच्या घरातून कधी निघाला नव्हता. फाटकाच्या कडीला धरून, टाचा उंचावून, माई ओरडत होती. "अगं, इंडिकेटर!"

तो मात्र पोरगी खरंच विसरली होती.